दोन दशांश

९ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,

धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, कान धरते. भोपळी दहा महिन्यांची झाली. आता धरून धरून उभी राहते, आणि उभी राहिली की हाताला लागेल ते खाली ओढते. परवा तिने खळीचं भांडं स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. बाइंडिंगच्या दुकानात दोन जाड पुस्तकांच्या पाठी चिकटवायच्या राहिल्या होत्या, म्हणून मी ती खळ घरी आणली होती. केस वाळल्यावर पोरीचं डोकं चांगल्या प्रतीच्या पुठ्ठ्यासारखं वाजत होतं. हे हसून हसून बेजार. धुवायला अर्थात मीच.

आता मुद्द्याचं लिहिते. तू दर गुरुवारी तुझ्या दवाखान्यात बायकांना जे शिकवतेस, ते मला शिकव. कुठले दिवस धोक्याचे आणि कुठले नाहीत, हे अंगावरून ओळखायचं ते. मी इतकी वर्षं त्याची थट्टा केली, त्याचं प्रायश्चित्त समज.

भोपळीच्या वेळी पोट फाडावं लागलं आणि रक्त किती गेलं, ते तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं की दोन वर्षं पुरी होईपर्यंत दुसऱ्याचं नाव काढायचं नाही, मधे राहिलं तर टाके उसवतील आणि मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही. गेल्या महिन्यात मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी चष्मा काढून. गोळ्या घेतल्या तर माझं डोकं दुखतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणून त्यांनी त्या बंद केल्या. तांबी बसवली, तर दोन महिने अंगावरून इतकं गेलं की काढावी लागली. रबराचं तुला माहीतच आहे. दुकानात हातमोजे घातले तरी माझ्या हातांना फोड येतात, तर पुढचं काय सांगू. कायमचं ऑपरेशन दोघांनाही नको, कारण पुढेमागे भोपळीला भावंड हवं आहे.

तेव्हा गेले तीन महिने आम्ही दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागतो आहोत, पोस्टातल्या खिडकीच्या अलीकडे-पलीकडे बसल्यासारखे. ताई, मला हे मुळीच आवडत नाही. ह्यांनाही आवडत नाही, पण ते बोलत नाहीत, फक्त घरातली घड्याळं दुरुस्त करत बसतात. तुझ्यापाशी लाजून काय मिळवायचंय मला, म्हणून लिहून टाकलं.

भाऊजींना नमस्कार सांग. लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी दर पत्रात मागून घ्यायची खोड जात नाही, म्हणून मागते.

तुझी,
बुटकी

*

१८ नोव्हेंबर

चि. सौ. बुटकीस,

अ. उ. आ.

पत्र पोचलं. थट्टेबद्दल माफ केलं, कारण गिऱ्हाईक घरातलं आहे.

आधी नकाराची बाजू सांगते, गुरुवारी बायकांनाही तीच आधी सांगते. ही रीत आळशी माणसाला उपयोगाची नाही. अर्धवट पाळली तर न पाळल्यासारखीच. नवऱ्याची साथ नसेल तर सुरूच करू नये. तुझं दूध नुकतंच तुटलंय, पाळी नुकती परत आली आहे, म्हणजे अंगाचं वेळापत्रक अजून बसायचं आहे. म्हणून पहिले तीन महिने नुसतं लिहायचं, भरवसा ठेवायचा नाही. तीन महिने आणखी सभ्यपणा करा, कुणी मरत नाही त्याने.

आता रीत ऐक. पाळीच्या पहिल्या दिवसाला एक म्हणायचं आणि पुढे मोजत जायचं. रोज सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी, बोलायच्याही आधी, थर्मामीटर पाच मिनिटं जिभेखाली ठेवायचा. वेळ रोज तीच. आकडा कागदावर मांडायचा. महिन्याच्या पहिल्या भागात अंग जरा गार असतं. बीज सुटलं की दोन-तीन दशांशांनी चढतं आणि पुढच्या पाळीपर्यंत वरच राहतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचे असे सलग तीन दिवस मिळाले, की तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपासून धोका टळला.

पण हे अर्धंच झालं. दुसरी खूण खालची. बीज सुटायच्या आधी काही दिवस ओल वाढते. ती आधी चिकट असते, मग अंड्याच्या पांढऱ्यासारखी नितळ आणि बोटांत ताणली जाणारी. ते दिवस सगळ्यात धोक्याचे. ती ओल जाऊन पुन्हा कोरडं वाटायला लागलं पाहिजे. दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगत असतील तर हो म्हणायचं. दोघींत भांडण असेल तर थांबायचं. हे वाक्य भिंतीवर चिकटव, खळ आहेच घरात.

सोबत थर्मामीटर पाठवते आहे, कापसात गुंडाळून डबीत घातला आहे. माझाच आहे. नवा घेऊ नकोस, आणि मधे बदलूही नकोस. एकच, शेवटपर्यंत. माझं त्याच्याशी काम संपलं.

तुझ्या मापाड्यांना आशीर्वाद. ज्या माणसाची नोकरीच वजनं-मापं तपासायची आहे, त्याला हे जड जाऊ नये. तुझे भाऊजी शाळेच्या परीक्षांत बुडाले आहेत, नमस्कार पोचवला तर मानेने घेतला. तुझ्या लोभाचं म्हणशील तर तो तू भोपळीला नीट आंघोळ घातलीस की वाढेल.

तुझी,
ताई

*

२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

शिष्येने दोन महिने पुरे केले, तिसरा चालू आहे. दुपारी दुकानात दाबयंत्राखाली पुस्तकं ठेवली की तासभर मोकळा मिळतो, त्यात हे लिहिते आहे.

तू म्हणालीस नवऱ्याची साथ हवी. ताई, साथ इतकी मिळाली आहे की मला आता माझ्याच अंगात पाहुणी झाल्यासारखं वाटतं. पहिले आठ दिवस मी आकडे दुकानातल्या रद्दी कागदावर लिहिले. ते पाहून ह्यांना राहवेना. दुसऱ्या दिवशी चौकटीचा कागद आला, काळी शाई आणि लाल शाई आली, पट्टी आली. आता सकाळी सहाला गजर वाजतो, मी डोळे न उघडता तोंड उघडते, हे थर्मामीटर घालतात, घड्याळ लावून पाच मिनिटं उभे राहतात, खिडकीशी नेऊन वाचतात आणि लिहितात. मला आकडा सांगतसुद्धा नाहीत, कारण भोपळी तेवढ्यात उठलेली असते. खालच्या खुणेसाठी शेवटचा रकाना आहे. तो मी तोंडी सांगते आणि हे मान खाली घालून टिपून घेतात. कानाच्या पाळ्या लाल होतात त्यांच्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवरा लाजताना पाहायला मिळाला, हे तुझ्या रीतीचं श्रेय.

दोन्ही महिन्यांत अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी आकडा चढला, तेव्हाच ओलही गेली. तू म्हणतेस तशी दोघींची एकवाक्यता आहे. कागद इतका सुबक झालाय की त्याला कापडी बांधणी करावीशी वाटते. नक्कल सोबत पाठवते.

एक विचारायचं होतं. तुझ्या थर्मामीटरच्या डबीच्या झाकणाला आतून टाचणीने ओढलेल्या बारीक रेघा आहेत. ह्यांनी मोजल्या, एकशे सदतीस भरल्या. चार उभ्या, एक आडवी, अशा हिशेबाने. दवाखान्यातल्या बाळंतपणांच्या आहेत का? तसं असेल तर तू फार कामचुकार सुईण म्हणायची, कारण त्या दवाखान्यात तुला वीस वर्षं झाली.

भोपळी चार पावलं टाकते आणि पाचव्याला धपकन बसते. लोभ असाच ठेव, सुईणबाई.

तुझी,
बुटकी

*

११ फेब्रुवारी

चि. सौ. बुटकीस,

अ. उ. आ.

तू पाठवलेली नक्कल पाहिली. असा कागद आमच्या गुरुवारच्या एकाही बाईने आणलेला नाही. मी तो दवाखान्यात लावला असता, पण कानाच्या पाळ्यांचा विचार केला.

तिसरा महिना पुरा होऊ दे. मार्चपासून भरवसा ठेवायला हरकत नाही. मात्र कागद सुबक आहे म्हणून डोकं बाजूला ठेवू नकोस. अंग तुझं आहे, कागद त्यांचा आहे. आकडा रोज तूही बघत जा.

रेघांचं विशेष काही नाही. जुन्या आहेत.

इकडे थंडी सरत आली. तुझ्या भाऊजींचा खोकला गेला. भोपळीला पाचव्या पावलासाठी आशीर्वाद.

तुझी,
ताई

*

२९ मार्च

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

ताई, माझी पाळी आलेली नाही.

सगळं नीट क्रमाने सांगते, म्हणजे तुला समजेल. पहिली तारीख हा माझा पहिला दिवस होता. तेराव्या दिवशी आकडा चढला, चौदाव्या-पंधराव्यालाही वर राहिला. तीन दिवस झाले. ह्यांनी पंधराव्या दिवसाखाली लाल शाईने रेघ ओढली आणि कागद माझ्यापुढे ठेवला. आम्हाला किती आनंद झाला ते लिहीत नाही. त्यानंतर आम्ही सभ्य राहिलो नाही, एवढंच समज.

आता आधीच्या महिन्यांप्रमाणे आकडा चढल्यापासून चौदा दिवसांनी, म्हणजे सत्तावीस तारखेला यायला हवी होती. आज एकोणतीस. सकाळपासून मळमळतं आहे. ते भीतीमुळे असेल असं हे म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

आम्ही काय चुकलो ते मला कळत नाही. आकडे सगळे ह्यांच्या हातचे आहेत, एकही दिवस चुकलेला नाही. खालच्या खुणेबद्दल मात्र कबूल करते. वीस ते तेवीस तारखेला ओल होती, तू सांगितलेली तशीच, ताणली जाणारी. मी ह्यांना तसं सांगितलं आणि ह्यांनी लिहिलंही. पण लाल रेघ तर केव्हाच ओढून झाली होती. मला वाटलं, दुकानात वर्षाची मोजदाद चालू होती, दोन आठवडे जेवणाखाण्याला धरबंध नव्हता, त्याने असेल. कागदापेक्षा मला कमी कळतं असं मी धरून चालले. कागदाची समोरची बाजू जशीच्या तशी उतरवून सोबत पाठवते.

दुकानात आज मी एका पुस्तकाची पानं उलटी शिवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. उसवायला बसले आणि डॉक्टरीणबाईंचं टाके उसवण्याचं बोलणं आठवलं, मग पुस्तक तसंच बाजूला ठेवलं. ताई, मला मरायची भीती वाटते आहे हे स्पष्टच लिहिते. भोपळी सव्वा वर्षाची आहे. मी गेले तर तिला माझा चेहरासुद्धा आठवणार नाही.

उलट टपाली लिही. रागव, पण लिही.

तुझी,
बुटकी

*

१ एप्रिल

चि. सौ. बुटकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी मिळालं. दवाखाना तासभर सहकारी बाईंवर सोपवून आत येऊन बसले आहे, म्हणजे चारच्या टपालात हे पडेल.

आधी कामाचं. तुझा कागद मी खिडकीशी नेऊन तीनदा पाहिला. त्यात एक नाही, दोन पायऱ्या आहेत. बारा तारखेपर्यंत आकडे एका पातळीवर. तेरापासून ते बरोबर दोन दशांशांनी वर, आणि चोविसापर्यंत तिथेच. पंचविसाव्या दिवशी पुन्हा वर, आणि तिथे टिकलेले. अंग असं जिना चढत नाही. ते एकदाच चढतं. एवढ्या वर्षांत मी ताप पाहिला, जागरणं पाहिली, दारू प्यायलेल्यांचे आकडे पाहिले, पण मोजून दोन दशांशांची अशी सरळ पायरी पाहिली नाही. हे काम अंगाचं नव्हे, माणसाचं आहे. तेरा तारखेला तुमच्या घरात काय बदललं ते मापाड्यांना विचार. थर्मामीटर बदलला का? आणि कागदाची मागची बाजूही बघ. तू मला समोरचीच पाठवली आहेस.

दुसरी पायरी खरी आहे असं मी धरते, कारण तुझी ओल तेच सांगते. वीस ते तेवीस ओल, पंचवीसला आकडा वर. म्हणजे बीज चोविसाच्या आसपास सुटलं. मोजदादीच्या दगदगीने उशीर झाला असेल, असं होतं. मग तुझी पाळी सत्तावीसला येणारच नव्हती. ती सात किंवा आठ एप्रिलला यायची आहे. तोपर्यंत ती चुकली असं म्हणायचं नाही.

पण काळजी करू नकोस असं मी लिहिणार नाही, कारण मी स्वतः करते आहे. नेमक्या धोक्याच्या दिवसांत तुम्ही निर्धास्त होतात. थर्मामीटर रोज लावत राहा. पाळीच्या आधी आकडा उतरतो. तो उतरला नाही आणि अकरा तारखेपर्यंत वरच राहिला, म्हणजे अठरा दिवस झाले, तर बारा तारखेला सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचं. लवकर कळलं तर त्यांच्या हातात पुष्कळ असतं. कुणी सांगितलेला काढा किंवा गोळी तोंडात घालायची नाही. मला तार कर, मी निघून येते. माझी रजा शिल्लक आहे आणि ती कशासाठी ठेवायची हे मला कळत नव्हतंच.

रागावण्याचं पुढे बघू. एक मात्र आत्ताच सांगते. खालची खूण तुला बरोबर कळली होती. कागदापेक्षा तुला जास्त कळत होतं.

जेव. झोप. उलटी पानं उसवून पुन्हा शीव, पुस्तकाचं काही बिघडत नाही.

तुझी,
ताई

*

४ एप्रिल

ती. सौ. ताईंस,

सा. न. वि. वि.

मी आपल्याला यापूर्वी स्वतंत्र पत्र लिहिलेलं नाही. आज लिहिणं भाग आहे.

आपलं पत्र आज सकाळी आलं. हिने ते वाचून कागद उलटा केला. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात एक टीप आहे : "तपासणीअंती उपकरण ०.२ ने कमी दाखवते. दि. १३ पासून दुरुस्ती +०.२." हिने ती मोठ्याने वाचली. दुसऱ्यांदा वाचली नाही.

घडलं ते असं. बारा मार्चला आमच्या तपासणी खोलीत शीतगृहांचे थर्मामीटर आले होते. पाण्याचं भांडं तयार होतं, प्रमाण थर्मामीटर लावलेला होता. मनात आलं, घरचाही एकदा पाहून घ्यावा. घरून नेला, पाच वेळा पाहिला. पाचही वेळा दोन दशांश कमी. आपण थर्मामीटर बदलू नका असं लिहिलं होतं, म्हणून मी तो बदलला नाही. फक्त पुढचे आकडे बरोबर करून लिहिले.

आधीचे बारा दिवस का नाही सुधारले, असं हिने विचारलं. आमच्याकडे जुन्या नोंदीला हात लावायचा नसतो. दोष सापडला की त्या तारखेपासून दुरुस्ती लागू होते, मागची नोंद होती तशी राहते. अठरा वर्षं मी हे पाळत आलो आहे. त्या दिवशीही पाळलं. हे यंत्र नसून माझी बायको आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

लाल रेघ मी ओढली. तेरा, चौदा, पंधरा हे तिन्ही आकडे मीच वर चढवले होते आणि मीच ते पाहून खूश झालो. मला ते दिसायला हवं होतं. मला वाटतं, मला ते दिसायला नको होतं. सात महिने वाट पाहिली होती.

ही माझ्यावर रागावलेली नाही, याचा त्रास जास्त होतो आहे. काल रात्रीपर्यंत तिला वाटत होतं चूक तिची. आता ती बाजूला बसून भोपळीला भरवते आहे आणि मधूनमधून माझ्याकडे बघून सांगते की चहा निवतो आहे.

आजपासून आकडा जसा दिसेल तसा लिहीत आहे, आणि रोज तिला दाखवून लिहीत आहे. आजचा अजून वरच आहे. आपण सांगाल ते करीन. आपल्या लोभाला पात्र नाही हे जाणून आहे, तरी तो काढून घेऊ नये.

आपला,
मापाड्या

*

९ एप्रिल

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

आली. काल दुपारी, दुकानात, अडीच वाजता. तू सांगितलेल्या दोन तारखांपैकी दुसरीला.

परवा सकाळी आकडा तीन दशांशांनी उतरला होता. ह्यांनी खिडकीशी नेऊन वाचला आणि तसेच उभे राहिले. मग थर्मामीटर आणून माझ्या डोळ्यांपुढे धरला. आता आम्हाला आकड्यांवर बोलायची भीती वाटते. काल पोटात दुखायला लागलं तेव्हा मी सरस लावत होते. मोरीत जाऊन आले, पुन्हा सरस लावायला बसले आणि मग एकदम रडायला आलं. मालकीणबाईंना वाटलं बोट कापलं. मी हो म्हणाले. त्यांनी पट्टी बांधली, न कापलेल्या बोटाला. ती मी अजून काढलेली नाही.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. ते जिन्यात बसले, शेवटच्या पायरीवर, बूट न काढता. मग आत येऊन त्यांनी सगळे कागद काढले आणि पहिल्या बारा दिवसांच्या आकड्यांत लाल शाईने दोन दशांश मिळवले. अठरा वर्षांत पहिल्यांदा जुन्या नोंदीला हात लावला, असं म्हणाले. काही उपयोग नव्हता, पण मी करू दिलं.

आता आमचं ठरलंय. आकडा मी वाचायचा, मी लिहायचा, ह्यांनी फक्त गजर लावायचा. आणि दोघींत भांडण असेल तर थांबायचं, हे वाक्य खरंच भिंतीवर चिकटवलं आहे. डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आले. त्यांनी चष्मा काढला आणि बरंच बोलल्या.

एक सांग. हा थर्मामीटर दोन दशांश कमी दाखवतो, मग तो टाकून नवा घेऊ का? ह्यांचं मन त्या दोन दशांशांत अडकलं आहे. विचारायला संकोच वाटतो, कारण तो तुझा आहे. इतक्या दिवसांत तू कशासाठी वापरत होतीस तेही मी विचारलेलं नाही. दवाखान्यातला नाही, हे मला कळतं. दवाखान्याचे पितळी डब्यात असतात.

तुझ्या लोभावर यंदा फार ताण पडला. उरला असेल तेवढा पाठव.

तुझी,
बुटकी

*

१३ एप्रिल

चि. सौ. बुटकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. तुझे भाऊजी शाळेतून आले तेव्हा मी भरदुपारी खुर्चीत झोपलेली होते, असं ते सांगतात. गेले दहा दिवस मला झोप नव्हती हे त्यावरून कळलं.

थर्मामीटर टाकू नकोस. तो रोज दोन दशांश खोटं बोलतो. बोलू दे. रोज तेवढंच खोटं बोलतो, म्हणून आपल्याला चालतो. आपल्याला अंग किती गरम आहे हे बघायचंच नसतं, कधी चढलं एवढंच बघायचं असतं. हे मी दर गुरुवारी सांगते. तुला लिहायचं राहिलं, ती चूक माझी. मापाड्यांना सांग की तिघांत वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते.

आता तू विचारलं नाहीस त्याचं उत्तर. आई शेवटपर्यंत म्हणायची की ताईला नोकरीपुढे मूलबाळ नको होतं. मी तिला तसं म्हणू दिलं, कारण नको असणं सोपं होतं, लोक पुढे विचारत नाहीत. बुटके, मी अकरा वर्षं रोज सकाळी तो थर्मामीटर तोंडात धरला आहे. तू ज्या दिवसांना भितेस, त्या दिवसांची मी वाट बघायची. झाकणावरच्या रेघा माझ्या आहेत. पाळी आली की एक ओढायची. एकशे सदतीस झाल्या तेव्हा पाळीच अनियमित झाली, आणि मी डबी बंद केली. तुझ्या भाऊजींशिवाय हे कुणाला माहीत नाही.

मापाड्यांचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की उपकरण दोन दशांश कमी दाखवतं. ते मी दोनदा वाचलं. मनात आलं, म्हणजे तेव्हाही कमी दाखवत असेल. म्हणजे अकरा वर्षं आमचे दिवसच चुकत होते. थर्मामीटरची चूक होती, माझी नव्हती. एक संपूर्ण संध्याकाळ मी हे धरून बसले होते. तुझ्या भाऊजींना सांगितलंही. ते मला ओळखतात, नुसते शेजारी येऊन बसले. मग मीच माझ्याशी गुरुवार घेतला. रोज तेवढंच खोटं बोलत असेल तर चढ चुकत नाही. चढ दर महिन्याला दिसत होता. दिवस बरोबर होते. थर्मामीटरची चूक नव्हती. कुणाचीच नव्हती. इतक्या बायकांना हे समजावलं, पण स्वतःला समजावताना फार जड गेलं.

मला आता बरं वाटतं आहे, हे खरंच लिहिते. सांगून टाकलं म्हणून असेल.

एक काम कर. डबी उघड, टाचणी घे, आणि आठ एप्रिलची म्हणून झाकणावर माझ्या रेघांच्या पुढे एक रेघ ओढ. माझ्या एकशे सदतीसही रेघा मी रडून ओढलेल्या आहेत. एकशे अडतिसावी तू हसून ओढ, म्हणजे त्या झाकणावर एक तरी तशी असेल.

मापाड्यांना म्हणावं, मोजून बघा. भोपळीला पापी. आणि लोभाची मागणी या वेळी माझ्याकडून, तूच ठेव.

तुझी,
ताई